परसातली पत्रं : दहा बाय दहात अख्खा जिल्हा

गणपती गेले की या सदराच्या टपालात शेवंतीची आणि गुलाबाच्या छाटणीची पत्रं येतात. यंदा ती बाजूला ठेवलीत. बेळगावच्या ह्यूम पार्कातल्या जानेवारीतल्या फळ-फूल प्रदर्शनात शाळांना वेगळी जागा मिळणार असं कळल्यापासून शिक्षिका, मुलं, पालक, एवढंच काय एक शेतकरी दादासुद्धा त्याच विषयावर लिहितायत. म्हणून या अंकात तेवढंच. गुलाबवाल्यांनी रुसू नये, त्यांची छाटणी पुढच्या अंकात.

प्रश्न : आमची शाळा बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागात आहे. मराठी आणि कन्नड माध्यम एकाच आवारात. प्रदर्शनात आम्हाला दहा बाय दहा फुटांची जागा मिळेल. आठवी-नववीची तीसेक मुलं तयार आहेत. मुख्याध्यापक म्हणतात, नर्सरीतून कुंड्या आणून सजवून टाकू. मुलांना स्वतः काही करायचंय, पण कुणी कारंजं म्हणतं, कुणी फुलांचा किल्ला. काय करावं?
— एक विज्ञान शिक्षिका

उत्तर : ताई, कारंजं नको आणि किल्लाही नको. कारंज्याची मोटार दुसऱ्या दिवशी दुपारी बंद पडते आणि मग तीस मुलं मिळून वायरमन शोधत हिंडतात. कुंड्यांबद्दल मुख्याध्यापकांना एवढंच विचारा, की बघायला आलेल्या माणसानं ‘हे असं का?’ म्हटलं तर मुलं काय सांगणार? विकत आणलेल्या जरबेराबद्दल मुलाला किमतीपलीकडं काही सांगता येत नाही.

बेंगळूरच्या लालबागेत २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टच्या सुमाराला प्रदर्शनं भरतात. तिथल्या १८८९ सालच्या काचघरात फुलांच्या भल्यामोठ्या प्रतिकृती उभ्या करतात. मी बघितल्यात, डोळे निवतात. पण ते काम हाताशी माळ्यांची फौज असलेल्या बागायत खात्याचं. आपल्या ह्यूम पार्कातल्या प्रदर्शनातही फुलांची आरास खातं करतंच, शाळेनं तिची बारकी नक्कल कशाला करायची? शाळेच्या वाफ्यात मुलांना ठाऊक असलेली आणि येणाऱ्याला ठाऊक नसलेली अशी एकच गोष्ट असावी. दोन झाल्या की दोन्ही कुणाच्या लक्षात राहत नाहीत.

माझं ऐकाल तर आपला जिल्हाच मांडा. पश्चिमेला कणकुंबी, जिथं मलप्रभा उगम पावते. तिथं वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून कितीतरी जास्त पाऊस. बेळगावात तेराशेच्या आसपास. अथणीकडं पाचशे-सहाशेच्या घरात. सकाळी कणकुंबीहून निघालेला माणूस दुपारी अथणीत उतरतो, तेवढ्यात जंगल संपून भात लागतं आणि भात संपून जोंधळा लागतो. आपण सगळे या रस्त्यानं बसमधून झोपत जातो. हे का बदलतं, एवढी एकच गोष्ट तुमच्या वाफ्यानं सांगावी.

जागेची मांडणी साधी ठेवा. पुढचे तीन फूट पूर्ण लांबीची वाट, म्हणजे व्हीलचेअरही सरळ जाईल. मागच्या सात फुटांत शेजारी शेजारी तीन वाफे. डावीकडून खानापूरचा, मधला बेळगावचा, उजवा अथणी-सौंदत्तीचा. माणसं पश्चिमेकडून शिरतील आणि पूर्वेकडं बाहेर पडतील. उंच ते मागं, बुटकं ते पुढं, आणि बघताना शिक्षकांनी एकदा गुडघ्यावर बसून बघावं. पहिलीतलं पोर त्या उंचीवरून बघणार आहे.

प्रत्येक वाफ्याच्या मागं एक बांबू उभा करा आणि त्या त्या गावच्या पावसाइतक्या उंचीपर्यंत निळं कापड गुंडाळा. मिलिमीटर म्हणजे पाण्याची उंचीच की, त्यामुळं प्रमाण काढायची भानगड नाही, खरं माप वापरायचं. अथणीचा पाऊस मोठ्या माणसाच्या गुडघ्याच्या जरा वर येतो. बेळगावचा आठवीतल्या मुलाच्या खांद्याला लागतो. कणकुंबीचा मांडवाच्या कापडाला भोक पाडून वर जातो. आयोजकांकडून भोकाची परवानगी आधी घ्या! नेमके आकडे मात्र माझ्या लेखातून उचलू नका. मुलांना रयत संपर्क केंद्रात (शेती खात्याच्या कचेरीत) आणि तालुक्याच्या कचेरीत पाठवा, दहा वर्षांचे आकडे मागू देत, सरासरी त्यांची त्यांनी काढू देत. कचेरीत जाऊन कागद मागायचा अनुभव नववीत आलेला बरा.

आता वाफ्यात काय? खानापूरच्या वाफ्यात जांभ्याचे चिरे, त्यावर तांबडी माती, वर पालापाचोळ्याचा जाड थर. मागं पिशवीतलं काजूचं कलम (जानेवारीत मोहर असला तर दुधात साखर), कोकमाचं रोप, एका ओंडक्यावर चढवलेला मिऱ्याचा वेल. पुढं नाचण्याची कणसं, तीही शेतकऱ्याकडून मागून आणलेली. जंगलातून काही उपटून आणायचं नाही. झाडावरच्या ऑर्किडकडं पोरांचे हात पटकन जातात. खानापूर तालुक्यातलं भीमगड २०११पासून अभयारण्य आहे, तिथलं पानसुद्धा तोडणं कायद्यानं गुन्हा. आणि जंगलातली माती झाडासकट आणली तरी ते झाड मांडवात जगत नाही, मग कशासाठी? वाफ्याच्या कडेला विटांऐवजी खानापूरची कौलं उभी रोवा. खानापूरची माती कशी भाजली जाते ते ती न बोलता सांगतात. तिथं ग्रामीण कुंभारकामाची केंद्रीय संस्था आहे, जमलं तर मुलांना एक दिवस तिकडं न्या.

मधला वाफा माझा लाडका, म्हणून जरा सविस्तर सांगते. बेळगाव म्हटलं की लोकांना बासमती आठवतो. जानेवारीत हिरवं भात दाखवायला जाऊ नका, आपल्याकडच्या थंडीत ते नीट वाढत नाही आणि शिवारातही ते तेव्हा नसतं. त्या दिवसांत येळ्ळूर, वडगाव, शहापूरच्या शिवारात काय असतं? भाताच्या धसकटांत मसूर. भात कापलं की जमिनीत उरलेल्या ओलीवर मसूर, वाटाणा, हरभरा पेरतात आणि वरून पाणी न देता पीक काढतात. मीही त्याच शिवारातल्या घरात वाढले, मसुरीची आमटी खाऊनच, पण ही मसूर पावसाविना कशी येते हे शाळेत असताना मला कुणी विचारलं नाही. तुमच्या मुलांनी बघणाऱ्यांना विचारावं.

करायचं असं. नोव्हेंबरात कापणी झाल्या झाल्या एखाद्या शेतकऱ्याच्या परवानगीनं धसकटांसकट मातीची ढेकळं कुदळीनं अखंड काढा. टोमॅटोचे प्लास्टिकचे क्रेट घ्या, आत बारदान अंथरा, त्यात ही ढेकळं शेजारी शेजारी बसवा आणि धसकटांच्या मधून मसूर टोचा. नोव्हेंबरच्या मध्याला टोचलेली मसूर जानेवारीच्या मध्याला फुलावर येते. फुलं बारीक, पांढरट-निळसर, लांबून दिसत नाहीत, म्हणून हा वाफा वाटेच्या जवळ ओढा. क्रेट शेतापेक्षा लवकर वाळतो, तेव्हा अधूनमधून शिंपडावं लागेल. ते लपवू नका, पाटीवर लिहा. एक-दोन रोपं मुळासकट उपटून पांढऱ्या ताटलीत ठेवा आणि शेजारी भिंग ठेवा. मुळांवरच्या गाठी दिसतील. नखानं फोडली आणि आत गुलाबी दिसलं, की ती गाठ हवेतला नत्र धरायच्या कामावर आहे. रोपं दर दोन तासांनी बदला, नाहीतर दुपारी ताटलीत नुसती दोरी दिसेल.

याच वाफ्याच्या पुढच्या कडेला रताळं बसवा. आपल्या मसारीत (तांबूस जमिनीत) पिकणारं रताळं देशभर जातं, पण शहरातल्या कितीजणांनी ते जमिनीत बघितलंय? जुन्या खिडकीची काच मिळवा. लाकडी खोक्याची एक बाजू तिची करा, खोकं काचेच्या अंगाला किंचित कलतं ठेवा. मुळं सरळ खाली जायला बघतात आणि काचेला येऊन टेकतात. काचेवर काळा कागद बांधा, उजेड लागला तर मुळं आत वळतात. वेलाची कांडी आत्ता, सप्टेंबर सरायच्या आत लावली तर जानेवारीपर्यंत अंगठ्याएवढी तरी रताळी धरतील. येणाऱ्यानं कागद उचलून बघायचं. काचेची धार आधी घासून घ्या, कडेला चिकटपट्टी लावा.

तिसऱ्या वाफ्यात शाळू, म्हणजे रब्बीचा जोंधळा. मालदांडी जात मिळाली तर उत्तम. काळी माती खताच्या रिकाम्या पोत्यांत अर्ध्यापर्यंत भरा, पूर्ण भरलंत तर मुलांना उचलणार नाही. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात पेरा. जानेवारीत कणसं दुधात असतील. शेतातल्यापेक्षा ताटं बुटकी राहतील, पोत्यात मुळांना खोली कुठली मिळणार? तेही सांगावं. आणि इथं मुलांनी सगळ्यांना हे दाखवायचंय, की खानापुरात पाऊस मोप पण माती पाणी सोडून देणारी, अथणीला पाऊस थोडका पण माती धरून ठेवणारी. शाळू पावसाळा संपल्यावर पेरतात आणि तो त्या धरून ठेवलेल्या ओलीवर पोसतो.

ते नुसतं सांगून पटत नाही, म्हणून बाटल्यांचा प्रयोग. दोन लिटरच्या बाटल्यांचा बूड कापायचा, तोंडाला फडकं बांधून उलट्या टांगायच्या, खाली भांडं. एकीत जांभ्याची तांबडी माती, दुसरीत भाताच्या शेतातली, तिसरीत काळी. तिन्ही माती वाळवून, कुटून, सारख्या मापानं. येणाऱ्यानं स्वतः एकेक पेला पाणी ओतायचं आणि खालची धार बघायची. काळी माती ढेकळांसकट भरली तर सुरुवातीला पाणी भेगांतून सरळ खाली पळतं आणि माती फुगल्यावरच अडतं. ही गंमत मुलांनी शाळेतच बघून ठेवावी, म्हणजे प्रदर्शनात गडबडणार नाहीत. एकदा भिजलेली बाटली परत तेच दाखवत नाही, म्हणून तासातासाला बदलायला जादा संच भरून ठेवा. दिवसभरात लोक किती पाणी ओततात याचा अंदाज येत नाही, खाली घमेली ठेवा. शेजारच्या स्टॉलमध्ये चिखल गेला की प्रदर्शनात पहिलं भांडण तुमचं.

वजनाचाही हिशेब मुलांकडून करून घ्या. सात बाय दहा फुटांत सहा इंच माती टाकली तर जवळजवळ एक घनमीटर होते, सव्वा टनाच्या आसपास, आणि ओली झाली की आणखी. एवढी आणायची कशाला? खाली उलटे क्रेट आणि भाताच्या पेंढ्या भरा, त्यात कुंड्या-पोती गळ्यापर्यंत बुडवा, वरून चार बोटं माती. बघणाऱ्याला सलग जमीन दिसते.

प्रश्न : मी नववीत आहे. आमच्या गटात चित्रं काढणाऱ्या दोघी मातीत हात घालत नाहीत. मातीचं काम करणाऱ्यांना पाटीवर लिहू देत नाहीत, अक्षर वाईट म्हणून. सर म्हणतात एकीनं करा. पण कसं ते सांगत नाहीत.
— एक विद्यार्थी, खानापूर तालुका

उत्तर : एकीनं करा म्हणून कुणी एकीनं करत नसतं बाळा, सरांनाही ते ठाऊक आहे.

आधी मैदानावर फक्की टाकून दहा बाय दहाचा चौकोन आखा, खऱ्या मापाचा. आत वाट आखा, वाफे आखा. मग सगळ्यांनी त्यातून चालून बघा, दप्तर पाठीला लावून. कागदावर जे दोन दिवस भांडून ठरत नाही ते इथं अर्ध्या तासात ठरतं, कारण कुणाचा तरी पाय वाफ्यात पडतोच. चालून जे ठरेल ते एकानं चौकटीच्या वहीत उतरवून घ्या, एक फुटाला दोन चौकटी धरून.

चित्रवाल्या दोघींना मातीत उतरा म्हणू नका. त्यांना सांगा, रताळ्याच्या आणि मसुरीच्या मुळांची मोठी चित्रं पाहिजेत, पण पुस्तकातून नाही, आपल्याच रोपांची, दर आठवड्याला एक. मुळं बघायची तर उकरायला कोण येणार? त्याच. आणि बहुतेकदा एकदा उकरलं की दुसऱ्यांदा सांगावं लागत नाही. मातीवाल्यांना नोंदवही द्या. किती तारखेला पेरलं, कधी उगवलं, किती तांबे पाणी. ही वही प्रदर्शनात उघडी ठेवायची, अक्षर जसं असेल तसं. मातीचे डाग पडलेले असले तर लोक ती जास्त वाचतात.

एक नियम सगळ्यांनी मिळून करा. शेवटच्या आठवड्यात कुणालाही उठवून कुठल्याही वाफ्याबद्दल विचारायचं आणि त्याला सांगता आलं पाहिजे. पाटी लिहिणाऱ्याला शाळू कधी पेरला ते ठाऊक नसेल तर त्यानं प्रदर्शनात उभं राहायचं नाही.

आणि दसऱ्याच्या सुट्टीत पाणी कोण घालणार ते सुट्टी लागायच्या आधी लिहून घ्या. ज्यांची घरं शाळेजवळ आहेत त्यांच्या गळ्यात ते काम आपोआप पडतं आणि नंतर तेच रागावतात. त्यांना बाकीच्यांनी दुसऱ्या कुठल्या कामातून मोकळं करावं. सरांना हे पत्र दाखवलंस तरी चालेल.

प्रश्न : माझी मुलगी एसएसएलसीला आहे. शाळेत या बागेच्या प्रदर्शनाचा घाट घातलाय आणि ती रोज उशिरा येते. अभ्यासाचं काय? तिला नाही म्हणावं का?
— एक आई, बेळगाव

उत्तर : वैनी, दहावीच्या मुलांना बांधणीत घेऊच नये असं माझं मत. शाळेला तसं सांगा, माझं नाव पुढं करा. पण तिला पाऊस-मोजणीचे तक्ते किंवा मातीच्या बाटल्यांचं काम मिळत असेल तर रविवारचे दोन तास देऊ द्या. सरासरी, प्रमाण, आलेख हे तिच्या गणितातच आहे. रोज उशीर होतोय तो बागेमुळं की मैत्रिणींमुळं, तेवढं मात्र तुम्हीच बघा.

प्रश्न : मी त्याच प्रकारच्या जोडशाळेत कन्नड माध्यमाचा शिक्षक आहे, मराठी घरात बोलतो. पाट्या कुठल्या भाषेत लिहाव्यात यावरून दोन्हीकडच्या पालकांत कुजबूज सुरू झालीय. काय करावं?
— एक शिक्षक

उत्तर : सर, प्रदर्शनाला येणारे कोण? बैलहोंगलचा शेतकरी येणार, शहापूरची विणकर बाई येणार, कॅम्पातलं कॉन्व्हेंटचं पोर येणार. तिघांनाही वाचता आलं पाहिजे. कन्नड आणि मराठी दोन्ही, सारख्या आकारात, एकाच पाटीवर. खाली बारीक अक्षरात वनस्पतीचं शास्त्रीय नाव. आयोजकांचा पाट्यांबद्दल काही नियम असेल तर तो आधी विचारून घ्या, ऐनवेळी पाटी उतरवायची पाळी मुलांवर आली तर ती हिरमुसतात.

पण पाट्यांना मी फार भाव देत नाही. एका पाटीवर पंधरा-वीस शब्दांच्या वर मजकूर गेला की लोक फोटो काढतात आणि वाचत नाहीत. प्रत्येक वाफ्यापाशी एक मराठी आणि एक कन्नड माध्यमाचं मूल अशी जोडी उभी करा. येणारा ज्या भाषेत विचारेल तिच्यात उत्तर. मसूर, रागी (नाचणी), जोळ (जोंधळा), भत्त (भात) हे शब्द दोन्हीकडच्या पोरांना येतातच. अडलं तर एकमेकांना विचारतील. पालकांची कुजबूज तुम्ही मिटवायला जाऊ नका, त्यांना माती वाहायला बोलवा.

प्रश्न : मागच्या वेळी आमच्या मुलांनी तीन महिने वाढवलेली झेंडूची रोपं मांडवात दुसऱ्याच दिवशी माना टाकून बसली. काही रोपांना तर तोवर फूलच आलं नव्हतं. शेजारच्या स्टॉलला बाहेरून आणलेल्या कुंड्यांवर बक्षीस मिळालं. मुलं रडवेली झाली. यंदा काय काळजी घ्यावी?
— एक शिक्षिका, चिक्कोडी तालुका

उत्तर : बक्षिसाचं मी काही करू शकत नाही ताई. परीक्षक घाईत असतात आणि घाईतल्या माणसाला फूल दिसतं. रोपांचं मात्र करता येतं.

फूल पाहिजे त्या तारखेपासून उलटं मागं मोजायचं. झेंडूचं रोप तयार व्हायला तीन ते चार आठवडे. लावणीनंतर साधारण पाच ते सहा आठवड्यांनी फुलायला लागतो. शेंडा खुडलात तर झाड पसरट होतं, फुलं जास्त येतात, पण दहा-पंधरा दिवस पुढं जातात. थंडीत आणखी थोडी ढील धरा. म्हणजे जानेवारीच्या मध्याला भर पाहिजे असेल तर बी ऑक्टोबरच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात टाका, आणि आठ-आठ दिवसांच्या अंतरानं तीन वेळा टाका. एक तुकडी चुकली तरी दुसरी हाताशी राहते. नर्सरीवाले हेच करतात, सांगत नाहीत. शेवंतीचं गणित वेगळं. रात्र मोठी झाल्याशिवाय ती कळी धरत नाही, म्हणून रात्रभर बल्ब जळतो तिथं तिची कुंडी ठेवू नका. शाळेच्या गेटापाशी ठेवलेल्या शेवंत्या पानांनीच भरतात त्याचं कारण हेच.

माना टाकल्या त्या बहुधा प्रवासात आणि मांडवात मिळून. उघड्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून दुपारी नेलं तर वारा पानांतलं पाणी काढून घेतो. पहाटे न्या, आदल्या संध्याकाळी पोटभर पाणी द्या, कुंड्या उभ्या आणि दाटून ठेवा, मध्ये ओली बारदानं कोंबा, वरून हिरवी जाळी बांधा. दुसरं म्हणजे सवय. तीन महिने उन्हात वाढलेलं रोप एकदम मांडवाच्या सावलीत गेलं की पिवळं पडतं, फुलं लोंबतात. प्रदर्शनाच्या आधी आठवडाभर त्यांना अर्ध्या सावलीत हलवा, आंब्याखाली चालेल. मुळं कुंडीच्या भोकातून खाली जमिनीत गेलीत का तेही तेव्हाच बघा. ती ऐनवेळी उचलताना तुटतात आणि मग वरून कितीही पाणी घाला.

मांडवात पाणी सकाळी माणसं यायच्या आधी, बुडाशी, फुलांवर नाही. आणि प्रत्येक दहा झाडांमागं दोन झाडं शाळेत राखीव ठेवा, तिसऱ्या दिवशी बदलायला. यात फसवणूक काही नाही, ती तुमच्याच मुलांनी वाढवलेली आहेत.

प्रश्न : आमच्या गावच्या शाळेची पोरं माझ्या रानातली काळी माती आणि शाळूची चार ताटं मागायला आली होती. प्रदर्शनाला पाहिजे म्हणाली. द्यावी का? किती? आणि परत आणून देतो म्हणतायत ती माती घ्यावी का?
— एक शेतकरी, अथणी तालुका

उत्तर : द्या की दादा, पोरं मागतायत. पण वरची चार बोटं खरवडून देऊ नका, तीच तुमची कमाई. बांधाकडच्या एका जागी हातभर खड्डा घेऊ द्या, वरची आणि खालची माती वेगवेगळ्या पोत्यांत. दोन्हींतला फरक पोरांनाही दाखवता येईल. तीन-चार पोत्यांत त्यांचं काम भागतं. शाळूची ताटं आत्ता देण्यात अर्थ नाही, बियाणं द्या आणि कधी पेरायचं, किती खोल, ते एकदा रानात बोलावून सांगा. शक्य असेल तर प्रदर्शनाच्या एका दिवशी तिथं जाऊन उभे राहा. शहरातली माणसं पोरांना जे विचारतील त्यातलं निम्मं तुम्हालाच सांगता येईल.

परत आणलेली माती मात्र रानात टाकू नका. प्रदर्शनात तीन ठिकाणची माती शेजारी शेजारी असते, लोकांचे पाय, इतर स्टॉलच्या कुंड्या, सगळं मिसळतं. त्यातून काँग्रेस गवताचं बी आणि लव्हाळ्याच्या गाठी तुमच्याकडं येतील. लव्हाळा एकदा शिरला की काय होतं ते मी तुम्हाला सांगायला नको. ती माती शाळेच्याच आवारात एका कोपऱ्यात राहू द्या, एक पावसाळा काय उगवतं ते पोरं बघतील, उपटतील. तुमचा खड्डा पोरांकडूनच शेणखत आणि बांधावरच्या मातीनं भरून घ्या. ताटांची कणसं प्रदर्शनात मोजून ठेवा म्हणावं. हुरड्याच्या दिवसांत बघणारे हात घालतातच, आणि पहिल्यांदा घालणारे बहुधा परीक्षक असतात.